भिंतीपलीकडचं बटण

आमच्या दादीची खोली आणि मागच्या पडवीतला दिवा यांच्यामध्ये तीन भिंती आहेत. तिन्ही जांभ्या दगडाच्या, दीड-दीड फूट जाडीच्या. घर दापोली तालुक्यातलं, आजोबांच्याही वडिलांनी बांधलेलं. तेव्हा वीज नव्हती. वीज आली तेव्हा ज्याला जिथे सुचलं तिथे बोर्ड बसवला. पडवीच्या दिव्याचं बटण मागच्या दाराच्या चौकटीला लागून आहे, म्हणजे दिवा लावायचा तर आधी काळोखात माजघर ओलांडायचं, मग स्वयंपाकघर, आणि मग चाचपडत बटण शोधायचं.

दादी पन्नास वर्षं हेच करत आली. फजरच्या आधी उठायचं, भिंतीला हात लावत मागच्या दाराशी जायचं, दिवा लावायचा, न्हाणीघरात वुजू करायचा. मागच्या वर्षी मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला तिचा पाय अडला आणि ती पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कमरेचं हाड वाचलं म्हणून डॉक्टरांनीच सुटकेचा श्वास टाकला.

आता तिच्या पलंगापाशी बटण हवं, हे सगळ्यांनाच पटलं. ओळखीच्या वायरमनने सांगितलं, की चिऱ्याच्या भिंतीत चर मारायचा तर चुना खाली येईल, आणि केसिंग-पट्टी मारायची तर चाळीसेक फूट पट्टी, वर माळ्याच्या तुळया आडव्या. त्याच सुमारास आमच्यापैकी एकाने वायरलेस बटण पाहिलं. बटणाला वायरच नाही, भिंतीला चिकटवायचं, दाबलं की दुसऱ्या खोलीतला दिवा लागतो. दुकानात दाबून पाहिलं, लागला. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे घरी असताना बसवून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. दादीने पहिल्यांदा बटण दाबलं आणि तीन भिंतींपलीकडे दिवा लागला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जुलैत आम्ही पुन्हा घरी गेलो. दादी फजरला उठलेली, पण पलंगावरच बसून. पडवीत अंधार. विचारलं तर म्हणाली, ‘लाईट गेलीय वाटतं. हल्ली पहाटेला जातेच. उजाडलं की जाते मी.’ लाईट गेलेली नव्हती. माजघरातला पंखा फिरत होता. ती पंधरा-वीस दिवस रोज पहाटे बटण दाबत होती, कधी दिवा लागायचा, कधी नाही. नाही लागला की ती पुन्हा दोन-तीनदा दाबायची आणि मग उजाडायची वाट पाहत बसायची. कुणाला काही बोलली नव्हती. आपलंच बोट नीट दाबत नसेल, असं तिला वाटत होतं.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहायचं कारण एवढंच, की वायरचं बटण बिघडलं तर ठिणगी दिसते, जळका वास येतो, खटका सैल लागतो. वायरलेस बटण गुपचूप बिघडतं. खटका तसाच वाजतो, फक्त पलीकडे काही होत नाही. आणि घरातल्या ज्या माणसासाठी आपण ते बसवतो, ते बहुतेक वेळा तक्रार न करणारं माणूस असतं.

त्या पावसाळ्यात आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे देतो आहोत, कारण कोकणातल्या जुन्या घरात, मुंब्र्याच्या टॉवरमध्ये किंवा पुण्याच्या वाड्यात, कुणालाही हा प्रश्न पडू शकतो.

आधी यंत्र समजून घेऊ. या बटणाचे दोन भाग असतात. एक आपल्या हातातलं बटण, ते रेडिओ लहरी सोडतं. दुसरा छोटा डबा, रिसीव्हर. तो दिव्याच्या वायरवर बसतो, लहर ऐकतो आणि आतल्या रिलेने दिवा चालू-बंद करतो. बटणात एक तर नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, नाही तर बॅटरीच नसते. बिनबॅटरीच्या बटणात आपण दाबतो तेव्हा आत एक छोटं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी झटकन हलतं आणि त्या हालचालीतून क्षणभर वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व. ती वीज इतकी थोडी असते, की तेवढ्यात एक छोटासा निरोप जाऊ शकतो, बस. जर्मनीत म्युनिकजवळ २००१ साली सुरू झालेल्या एन्ओशन या कंपनीने ही युक्ती इमारतींत रुजवली, आणि २०१२ साली त्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला.

यातली मेख अशी, की अशी साधी बटणं निरोप पाठवतात आणि मोकळी होतात. पलीकडे पोचला की नाही, हे त्यांना कळत नाही. पत्र पेटीत टाकल्यासारखं. काही महागड्या पद्धतींत रिसीव्हर उलट पोच देतो, आणि पोच आली नाही तर बटण पुन्हा पाठवतं. साध्या पद्धतीत हे नाही, म्हणून वाट मोकळी आहे की नाही हे आपणच आधी पाहून ठेवावं लागतं.

वाट अडवतात त्या भिंती. एन्ओशनच्या नियोजन-माहितीत कुठल्या भिंतीतून किती लहर पार होते याचा अंदाज दिलेला आहे. लाकूड, जिप्सम बोर्ड, साधी काच यांतून ९० ते १०० टक्के. विटांच्या भिंतीतून ६५ ते ९५ टक्के. सळई घातलेल्या काँक्रीटमधून १० ते ९० टक्के, म्हणजे नशिबाचा खेळ, सळया किती दाट यावर सगळं. आणि धातूमधून शून्य ते १० टक्के, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. काँक्रीटच्या बाबतीत त्यांचा साधा हिशेब असा, की दहा मीटरच्या आत आणि फार तर एक स्लॅब. डब्यावर ‘१०० मीटर रेंज’ असं लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं.

जांभा या यादीत नाही. जर्मनीत जांभ्याची घरं कुठून असणार? पण जांभ्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जर्मनांना माहीत नाही: तो पाणी पितो. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुलैत बाहेरच्या भिंतीला आतून हात लावला तर ओल हाताला लागते. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. मे महिन्यात कोरडी ठणठणीत असलेली भिंत जुलैत वेगळीच भिंत असते. आमचं बटण मे महिन्यात पास झालं होतं, पण जुलैची परीक्षा आम्ही घेतलीच नव्हती. कोकणात किंवा गोव्यात कुणी असं काही बसवत असेल, तर शक्यतो पावसाळ्यात चाचणी घ्यावी. मे महिन्यात बसवायचं असेल, तर काठावर चालणारी जोडणी मान्य करू नये.

दुसरी गोष्ट तिरक्या वाटेची. ही आम्हाला शाळेत शिकलेल्या भूमितीतून कळायला हवी होती. लहर भिंतीतून सरळ समोर गेली, तर दीड फुटाची भिंत दीड फूटच लागते. पण ती तिरकी गेली तर आत जास्त अंतर कापावं लागतं. साठ अंश तिरकी गेली तर बरोबर दुप्पट, म्हणजे दीड फुटाची भिंत तीन फुटांची होते. दादीचा पलंग घराच्या एका कोपऱ्यात आणि पडवीचा दिवा विरुद्ध कोपऱ्यात. आम्ही वहीच्या चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढला, बटणापासून दिव्यापर्यंत पट्टीने रेघ मारली, तेव्हा दिसलं की ती रेघ तिन्ही भिंती तिरक्या कापते. हा नकाशा काढायला दहा मिनिटं लागली. बसवण्याआधी काढला असता तर दादीचे पंधरा-वीस दिवस वाचले असते.

त्याच रेघेवर आणखी एक गोष्ट सापडली. जूनमध्ये छप्पर गळायला लागलं म्हणून भाभीने माजघरातलं लोखंडी कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवलं होतं. बरोबर रेघेच्या मध्ये. साडेसहा फुटी पोलादी कपाट. त्याच्या मागे रेडिओची सावली पडते, जशी उन्हात आपली पडते. फ्रिज, पाण्याची स्टीलची टाकी, लोखंडी दार, मोठा आरसा, सगळ्यांची अशी सावली असते. आरशाचं लोकांना नवल वाटतं, पण त्याच्या पाठीला धातूचाच पातळ थर असतो. म्हणून बटण आरशाच्या पाठीशी, लोखंडी चौकटीवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवू नये, कितीही सोयीचं वाटलं तरी.

आणि तिसरी गोष्ट आम्ही शिडी लावून रिसीव्हर उघडला तेव्हा दिसली. रिसीव्हरमधून बोटभर लांबीची एक बारीक वायर सुटी लोंबकळत असते. कशालाच जोडलेली नसते. ती एरियल असते. आमच्या वायरमनने ती ‘जादा वायर’ समजून मुळापासून कापून टाकली होती. त्याला दोष देऊन उपयोग नाही, सुटी वायर उघडी ठेवू नये हेच त्याला उस्तादाने शिकवलेलं. पण त्या वायरीची लांबी ठरवून दिलेली असते, लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश. ८६८ मेगाहर्ट्झच्या यंत्रात ती साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, ४३३ मेगाहर्ट्झच्या यंत्रात सतरा सेंटिमीटरच्या आसपास. ती कापायची नाही, गुंडाळायची नाही, लोखंडी डब्यात कोंबायची नाही, आणि जाड मेन वायरींना चिकटवून न्यायची नाही. आमचा रिसीव्हर तर पडवीच्या दिव्यामागे पत्र्याच्या डब्यात बसवलेला होता. कापलेलं एरियल, वर पत्र्याचा डबा, वाटेत कपाट आणि तीन ओल्या भिंती. एवढं असूनही दिवा कधीकधी लागत होता, हेच खरं नवल.

उपाय काय केला ते सांगतो, कारण तोच सगळ्यात उपयोगाचा आहे. आमचा समज होता, की रिसीव्हर दिव्यापाशीच हवा. तसं काही नाही. दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर जिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही हाताशी असतील तिथे तो बसतो. पडवीच्या दिव्याची वायर आमच्या स्वयंपाकघरातून जाते, आणि तिथे तुळईवर प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स आहे, त्यात दोन्ही वायरी मिळाल्या. नवा रिसीव्हर तिथे बसवला. एका फटक्यात बाहेरची सगळ्यात ओली भिंत वाटेतून गेली. रिसीव्हर पावसाच्या शिंतोड्यांतूनही सुटला. मग नकाशावर नवी रेघ मारली. ती माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या लाकडी दारातून जात होती. म्हणजे तीन भिंतींची एक भिंत आणि एक लाकडी दार राहिलं. कपाट पुन्हा पूर्वीच्या जागी गेलं, वर छपराची दोन कौलं बदलली.

न्यूट्रलचा मुद्दा जरा थांबून समजून घ्यावा, कारण बऱ्याच जणांचा तिथेच घोटाळा होतो. आपल्या जुन्या घरांत बटणाच्या बोर्डापर्यंत बहुधा फेजच येते आणि तीच बटणातून दिव्याकडे जाते. न्यूट्रल थेट दिव्याकडे गेलेली असते. रिसीव्हरला सतत जागं राहायला दोन्ही लागतात. म्हणून तो बोर्डात बसवायचा बेत बहुतेक घरांत फसतो, आणि दिव्यापाशी किंवा जंक्शनपाशी जावं लागतं. हे ठरवायला टेस्टर घेतलेला वायरमनच हवा. आपण यूट्यूब पाहून शिडीवर चढू नये. आणि एक लक्षात ठेवावं: वायरलेस बटणाने दिवा बंद केला म्हणजे वीज तुटली असं होत नाही. रिसीव्हरला वीज चालूच असते. बल्ब बदलायचा तर मेनचा एमसीबी खाली करावा.

नवी जोडणी झाल्यावर आम्ही चाचणी घेतली, आणि या वेळी भावनेच्या भरात टाळ्या न वाजवता. बटण आधी कागदी टेपने तात्पुरतं चिकटवलं. सगळी दारं लावली, कारण रात्री ती बंदच असतात. फ्रिज चालू, वायफाय चालू, घरातली माणसं आपापल्या अंथरुणावर, कारण माणसाच्या शरीरातही पाणीच असतं. मग वीस वेळा बटण दाबलं, प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातल्या पोराने मोठ्याने आकडा सांगायचा. वीसपैकी वीस. पण वीसपैकी वीस म्हणजे काठावरचे वीस की आरामातले वीस, हे कळायला हवं. म्हणून बटण काढून खोलीच्या आणखी मागच्या कोपऱ्यात गेलो, आणि बटणाभोवती हाताची मूठ करून पुन्हा वीस वेळा दाबलं. तिथूनही लागला. तेव्हा कुठे बटण पक्कं बसवलं. जुनी जोडणी पत्र्याच्या डब्यासकट आहे तशी तपासली होती तेव्हा वीसपैकी अकरा वेळा लागला होता.

पक्कं बसवण्याचीही एक गंमत. बटणासोबत दुतर्फी चिकटपट्टी येते. चुना लावलेल्या भिंतीवर ती चुन्यालाच चिकटते, भिंतीला नाही, आणि पावसाळ्यात बटण चुन्याच्या पापुद्र्यासकट खाली येतं. आम्ही एक लाकडी फळी स्क्रूने भिंतीला मारली आणि बटण फळीवर बसवलं. उंची दादी पलंगावर बसलेली असताना तिचा हात सहज पोचेल अशी. उभ्या माणसाच्या उंचीवर बसवलं असतं तर तिला आधी उठावं लागलं असतं, मग सगळा उद्देशच फुकट. बटणाचा खटकाही तपासून घ्यावा. बिनबॅटरीची काही बटणं कडक असतात, संधिवाताच्या बोटांना जड जातात.

ज्या बटणांत नाण्यासारखी बॅटरी असते त्यांच्याबद्दल एक सावधगिरी. लहान मुलं ती तोंडात घालतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते. झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच घ्यावं, जुनी बॅटरी लगेच टेपमध्ये गुंडाळून टाकावी, आणि मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावं. आमच्या घरात तीन वर्षांचं पोर आहे, म्हणून आम्ही बिनबॅटरीचंच घेतलं.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. या बटणात मेनची वीज येतच नाही. वुजू करून ओल्या हातांनी दाबलं तरी शॉक लागायचा प्रश्न नाही. न्हाणीघराबाहेरचं जुनं बटण ओल्या हातांनी दाबू नका म्हणून घरातल्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ओरडून सांगितलेलं आहे. अर्थात बटणात पाणी गेलं तर ते बिघडेल, म्हणून ओलाव्याच्या जागी पाण्यापासून संरक्षण असलेलंच घ्यावं.

टॉवरमधल्या घरांची कहाणी वेगळी. मुंब्र्याला आपाच्या फ्लॅटमध्ये वायफायवर चालणारी बटणं आहेत. तिथे भिंती पातळ पण काँक्रीटच्या, मध्ये लिफ्टची विहीर, भिंतभर आरशाचं कपाट. वायफाय चालतं त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत, आणि वर-खाली-शेजारी पंधरावीस घरांचे राउटर तिथेच गर्दी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. पण आपाचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. भाच्याने वायफायचा पासवर्ड बदलला आणि घरातली सगळी बटणं एकदम बहिरी झाली. त्यातली काही कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलतही नव्हती, म्हणजे इंटरनेट गेलं की बेडरूमचा दिवा लागायचा नाही. आमचं मत विचाराल तर दिव्यासारख्या गोष्टीसाठी राउटरच्या भरवशावर राहू नये. बटण आणि रिसीव्हर यांची थेट जोडी असावी, मध्ये तिसरा नको. मोबाईलवरून दिवा लावायची हौस असेल तर ती वरची सोय समजावी. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लांब लहरी भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या जातात, हेही खरं.

बाहेरगावी असलेल्या नातेवाइकांकडून बटण मागवण्याचा मोह आपल्याकडे फार. आमचे एक चाचा इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनी लगेच पाठवायची तयारी दाखवली. पण लहरींचे पट्टे देशागणिक वेगळे असतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढला. युरोपातली एन्ओशनची बटणं ८६८.३ वर बोलतात, म्हणजे आपल्या कुंपणाच्या किंचित बाहेर. अमेरिकेतली ९०२ वर, जिथे आपल्याकडे मोबाईलची वाहतूक चालते, शिवाय तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टला धूर काढेल. चाचांना सांगितलं, येताना खजूर आणि चॉकलेट आणा. बटण इथलंच, केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची मंजुरी असलेलं घ्यावं.

जुन्या बटणाचं काय करायचं, हा शेवटचा गुंता. ते काढून टाकू नये, कारण रिसीव्हर बिघडला तर काळोखच. पण तेच बटण रिसीव्हरच्या आधी राहिलं, तर कुणी पाहुण्याने सवयीने बंद केलं की रिसीव्हरची वीजच जाते आणि दादीचं बटण मेलं. आमच्याकडे ईदला हे नेमकं घडलं. आता आम्ही असा रिसीव्हर बसवला आहे, ज्याला साध्या वायरच्या बटणासाठी वेगळं टोक आहे. दाराजवळचं बटण त्याला जोडलं. दोन्हीकडून दिवा लागतो, दोन्हीकडून विझतो, कुणी कुणाची वीज तोडत नाही. वीज जाऊन परत आल्यावर रिसीव्हरने काय करायचं, हेही ठरवता येतं. काही रिसीव्हर वीज आली की दिवा आपोआप लावतात, आणि मध्यरात्री तीनला पडवी झगमगते. आम्ही ‘आधी होतं तसं’ हा पर्याय ठेवला.

गिझर आणि पाण्याचा पंप मात्र अशा रिसीव्हरवर टाकू नयेत. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, आणि पंप सुरू होताना कित्येक पट जास्त. छोट्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात आणि मग बटण दाबूनही बंद होत नाही.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग वायरच का ओढली नाही? खरं आहे. जिथे केसिंग-पट्टी जाऊ शकते, तिथे जिन्यावर असतं तसं टू-वे बटण बसवावं. वायरला पाऊस लागत नाही, कपाट सरकवलं म्हणून ती रुसत नाही. वायरलेस तिथेच, जिथे भिंत फोडणं खरोखर परवडत नाही. आणि आणखी एक साधी गोष्ट आम्ही आधी का केली नाही याची आजही लाज वाटते: माजघरात उंबरठ्याजवळ अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला. रोज दहा तास जळला तरी वर्षाला दोन युनिट होत नाहीत. बटण काही कारणाने रुसलंच, तरी उंबरठा दिसतो.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. कुठलं बटण कुठल्या रिसीव्हरशी जोडलेलं, रिसीव्हर कुठल्या जंक्शनमध्ये आहे, एरियल कापू नका, आणि कपाट सरकवायचं असेल तर आधी बटण तपासा. भाभीने खाली लिहिलंय: छप्पर गळत नसेल तर.

यंदाच्या जुलैत आम्ही मुद्दाम चार दिवस घरी गेलो. भिंतींना तशीच ओल होती. वीस वेळा दाबलं, वीस वेळा लागला. दादी बाजूला बसून पाहत होती. तिने सांगितलं, ती रोज पहाटे दिवा लावते, मग विझवते, मग पुन्हा लावते, आणि मगच खाली पाय टाकते.